बेगमचं खोकं

माझ्या मुलीनं, सनानं, गेल्या वर्षी घरात मांजर आणलं. पांढरंशुभ्र, केसाळ, चेहरा कायम रुसल्यासारखा. त्याच्याबरोबर एक प्लास्टिकचा ट्रे आला आणि पिशवीत भरलेली करडी माती आली. शिरपूरच्या नाल्यात एवढी वाळू पडलेली असताना मांजराला मुतायला माती विकत आणायची, यावर मी दोन-चार दिवस कुरकुर करून घेतली. मग एक दिवस त्या मांजरानं ट्रे सोडला आणि सोफ्याचा कोपरा धरला. बायको ओरडायला लागली, मीही चप्पल उचलली. सना मध्ये पडली. तिनं मोबाइल काढला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली, "अब्बू, ऐका. ट्रे घाण असला तर मांजर त्यात जात नाही. ट्रेच्या बाजूला मोठा आवाज होत असला तर ते घाबरते अन् दुसरी मऊ जागा पाहते. मारलं तर लपून करते. म्हंजे मांजराचं काहीच चुकत नाही, घरच्याचंच चुकते."

मी चप्पल खाली टाकली आणि मागच्या अंगणात जाऊन बसलो. सनाला वाटलं, अब्बूंना सोफ्याचं वाईट वाटलं. तिनं वाचून दाखवलेली एकेक गोष्ट मी कधीकाळी माझ्या हातांनी केलेली होती, आणि त्यात नासला होता तो सोफा नव्हता.

आमचं दुकान आणि आमचं घर एकच. पुढे रस्त्याकडे ओटा आणि गादी भरायची जागा, मध्ये पिंजायची मशीन, मागे स्वयंपाकघर आणि एक लांबट खोली. मशीन सुरू झाली की घराची जमीन थरथरायची, फळीवरची भांडी आपोआप सरकत कडेला यायची, आणि अम्मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "जरा थांबा रे, माहा डबा पडून राह्यला!" कापसाची बारीक कुसं सगळीकडे. डोळ्यांच्या पापण्यांवर, पाण्याच्या माठावर, तुरीच्या वरणावर. पाहुणे जेवायला बसले की ताटातून कुसं काढत बसायचे. आम्ही ती भाकरीबरोबर खाऊन टाकायचो. अम्मी म्हणायची की आमच्या पोटात आतापर्यंत एक उशी तयार झाली असेल. आम्ही पिंजारी. दुकानाच्या भिंतीवर माझ्या आजोबांची धुनकी टांगलेली होती, धनुष्यासारखी, जिच्या तातेवर ते गावोगावी कापूस पिंजत फिरले. अब्बांनी मशीन घेतली तरी धुनकी उतरवली नाही. घरात आम्ही हिंदी आणि वऱ्हाडी असं मिसळूनच बोलायचो. मी मराठी शाळेत शिकलो, म्हणून हे मराठीत लिहितो आहे.

जिथे कापूस तिथे उंदीर. ते कापसात पिल्लं घालतात, खोळी कुरतडतात. म्हणून दुकानात मांजर लागायचीच. अब्बांनी जऊळक्याच्या स्टेशनाजवळच्या एका गोदामातून पट्ट्यापट्ट्यांची एक मांजर आणली होती. तिचं नाव त्यांनी बेगम ठेवलं. तिच्याशी ते ज्या अदबीनं बोलायचे त्या अदबीनं माझ्याशी कधी बोलले नाहीत. "बेगम, जरा सरकता का? मले ही खोळ घेऊ द्या." अम्मीला याचा फार राग यायचा. "मले कधी म्हनलं होतं का असं?" ती विचारायची, आणि अब्बा गालातल्या गालात हसायचे.

कापसाच्या दुकानातल्या मांजरीला बाहेर मोकळं सोडून चालत नाही, कारण ती रस्त्यावरची घाण पायांना लावून गादीच्या कापसावर येते. म्हणून अब्बांनी तिच्यासाठी लाकडी खोकं केलं होतं. फळांची पेटी, आतून पत्रा ठोकलेला, त्यात नाल्याची बारीक वाळू. ते मागच्या लांबट खोलीत, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं असायचं. "माणसाले आडोसा लागते, तसा मांजरीले बी लागते," असं अब्बांचं म्हणणं. वाळू रोज बदलायची. हे काम माझं.

त्या उन्हाळ्यात माझी बारावीची परीक्षा झाली होती. ओठावर मिशी फुटत होती, आरशात दिवसातून किती वेळा पाहायचो ते सांगत नाही. आणि अशा वेळी मला रोज सकाळी मांजरीच्या घाणीचं घमेलं घेऊन पुढच्या दारानं, चहाच्या टपरीसमोरून, नाल्यापर्यंत जावं लागायचं. टपरीवर माझे वर्गमित्र बसलेले असायचे. "का कंपाउंडर, आज बेगमले जुलाब झाले का?" एक म्हणायचा. दुसरा नाक दाबून म्हणायचा, "लग्नात पोरीकडचे इचारतील, पोरगा काय करते? मांजरीचं हगणं-मुतणं पाहते." मंदिरासाठी बसमधून उतरलेले यात्रेकरूसुद्धा वळून पाहायचे. मला जमीन दुभंगावी असं वाटायचं. आज वाटतं, इतक्या लहान गोष्टीची लाज वाटली नसती, तर मोठी वाट्याला आली नसती.

मी एक सोपा मार्ग काढला. मशीनच्या मागे एक छोटं दार होतं, ते बाजूच्या बोळात उघडायचं. जिन्याखालचं खोकं उचलून मी मशीनच्या मागे, मोटारीला लागून, त्या दाराशेजारी ठेवलं. म्हणजे घमेलं पुढून न्यायला नको. दार उघडायचं, बोळातच उकिरड्यावर टाकायचं. वाळू बदलणंही रोजचं राहिलं नाही, आठवण आली की. अब्बा त्या दिवसांत घरी नसायचेच. यात्रेचा हंगाम होता, मंदिराजवळच्या धर्मशाळेच्या गाद्या उसवून पुन्हा भरायचं काम त्यांनी घेतलं होतं आणि ते तिथेच दिवसभर बसायचे. दुकान माझ्यावर होतं.

बेगम पहिल्याच दिवशी त्या नव्या जागी गेली, वाळू उकरली, बसली, आणि मी मशीनचं बटण दाबलं. मी पाहिलं नव्हतं तिला, हे खरं आहे. मोटार गुरगुरली तशी ती खोक्यातून उडाली आणि थेट माळ्यावर जाऊन बसली. अंग फुगवून. मी हसलो. त्यानंतर ती त्या खोक्याच्या जवळून जातानाही भिंत धरून जायची.

मग घरात वास येऊ लागला. आधी रिकाम्या पोत्यांवर, मग जुन्या खोळींच्या ढिगावर. अम्मीनं पदर नाकाला लावला. "तुमची बेगम बिघडली," ती अब्बांना म्हणाली. "तिले पोत्यात घालून जऊळक्याले सोडून या. जिथून आणली तिथं." अब्बा दिवसभराचे थकलेले. ते मला म्हणाले, "वाळू बदलतो न रोज?" मी म्हणालो, "हो." त्यांनी पुढे पाहिलं नाही. माझ्या शब्दावर ते तेव्हा विश्वास ठेवत.

मी बेगमला सुधारायचं ठरवलं. पोत्यांवर फिनाइल ओतलं. संत्र्याच्या साली टाकल्या. तिला मानगुटीला धरून ओल्या जागेवर तिचं नाक घासलं, कुणीतरी तसं सांगितलं होतं. आणि कापूस झोडपायच्या काठीनं मारलं. एकदा नाही. ती ओरडायची नाही, फक्त कान मागे घ्यायची. इतकं सगळं केलं, पण खोकं जिन्याखाली परत ठेवायचं मला सुचलं नाही. सुचलंही असेल, पण पुन्हा टपरीसमोरून घमेलं नेणं मला नको होतं. आता ती कुणाच्या समोर कुठेच करत नव्हती. मला वाटलं, सुधारली.

आमच्या शेजारच्या घरात बबनकाका राहायचे. एसटीत कंडक्टर. त्यांची मुलगी सुजाता माझ्याहून थोडी मोठी. आमच्या ईदेचा शीरखुर्मा त्यांच्या घरी आणि त्यांच्या बुद्धपौर्णिमेची खीर आमच्या घरी, असं माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलेलं. सुजातानं मला गणित शिकवलं, आणि शिकवताना माझ्या डोक्यात जितक्या टपल्या मारल्या तितक्या अब्बांनीही मारल्या नसतील. मला ती युन्या म्हणायची. तिचं लग्न रिठदला ठरलं. बबनकाकांचं गावाकडे थोडं वावर होतं. तिथला कापूस त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, शांताकाकूंनी, स्वतः वेचला होता, सरकी काढून आणला होता आणि लेकीच्या आंदणाच्या गादीसाठी वर्षभर राखून ठेवला होता. आपल्याकडे अनेक घरांत हे पाळतात. लेक सासरी झोपणार ती आपल्या वावरातल्या कापसावर. शांताकाकूंनी गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "युनूस, यात दुसरा कापूस मिसळू नोको बापा. एक मूठ बी नोको. आमी दोघायनं येचला हाय हा."

अब्बा धर्मशाळेला निघता निघता म्हणाले, "तूच भर ही गादी. घरचं काम हाय, नीट करजो." ती मी एकट्यानं भरलेली पहिली गादी.

कापूस मी कोपऱ्यात चादरीवर सोडून ठेवला. सकाळी पिंजायला घ्यावा म्हणून हात घातला तर ढिगाच्या मधोमध एक खळगा होता आणि खळग्यात ओल. पिवळी. वास असा आला की डोळ्यांत पाणी आलं. मी माळ्याकडे पाहिलं. बेगम तिथून माझ्याकडे पाहत होती.

मला तेव्हा काय करता आलं असतं, हे मी इतक्या वेळा मोजून पाहिलं आहे की ते रस्ते मला पाठ झाले आहेत. शांताकाकूंना जाऊन सांगता आलं असतं. धर्मशाळा हाकेच्या अंतरावर होती, अब्बांना विचारता आलं असतं. ओला कापूस फेकून गादी थोडी पातळ करता आली असती. आमच्या दुकानातल्या कापसाच्या चार मुठी घालता आल्या असत्या, कुणाला कळलं नसतं. पण शांताकाकूंना मी शब्द दिला होता. बघा, शब्द मोडायची मला लाज वाटली आणि पुढचं करायची वाटली नाही. कापूस धुता येत नाही, धुतला की त्याचे गोळे होतात आणि मशीन ते घेत नाही. मी तो ओला कापूस काढला आणि टिनाच्या छपरावर वाळत घातला. वैशाखाचं ऊन. दुपारपर्यंत तो कडक वाळला. मी हुंगला. गरम टिनाचा वास आला. मी मनाशी म्हणालो, गेला. मग आत आणला, पिंजला, आणि भरण्याआधी पुन्हा एकदा ओंजळीत घेऊन नाकाशी नेला. आत, सावलीत, एक बारीक तिखट वास होता. होता. मला तो आला. मी तो कापूस गादीच्या मधल्या थरात घातला, वर-खाली चांगला कापूस पसरला, आणि दाभण घेऊन टाके घालायला बसलो.

गादी देखणी झाली. बबनकाकांनी तिच्यावर हात आपटून पाहिला. "रहीमभाऊ, पोट्टं तुमच्या वरताण निंगालं!" अब्बा टाक्यांवरून बोट फिरवत राहिले, आणि ते खूश आहेत हे मला कळलं. सुजाता तर गादीवर बसून उड्या मारायला लागली. "युन्या, किती मऊ झाली रे! मले इथंच झोप येऊन राह्यली." शांताकाकू ओरडल्या, "उठ वं, नवरी हायस तू, काही लाज?" सगळे हसले. मीही हसलो.

वाळलेल्या कापसातला तो वास मरत नाही, झोपतो, हे आता मला माहीत आहे. पावसाळ्याची ओल लागली, वर माणसाच्या अंगाची ऊब आली, की तो उठतो. श्रावणात सुजाता माहेरी आली. आम्हाला वाटलं, सणाला आली. पण ती ओट्यावर येईना, आमच्या घरी येईना. अम्मीनं शांताकाकूंकडून काढून घेतलं आणि मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात अब्बांना सांगितलं; मला ते सगळं ऐकू आलं. रिठदला सासूनं म्हटलं होतं, पोरगी झोपेत अंथरूण ओलं करते. आधी घरात, मग शेजारणीत. नवरा वेगळी सतरंजी टाकून झोपायला लागला. सुजाता शपथ घेऊन सांगत होती की नाही, पण गादी रोज सकाळी वास मारत होती. तिला वाशीमला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही. सासू म्हणाली, डॉक्टरले काय समजते, नाक आमाले बी हाय. "अन् ते पोट्टी," अम्मी म्हणाली, "सांज झाली का पाणीच पेत नाही. घसा सुकला तरी पेत नाही. म्हणते, माहीतच नाही आई, होत असंन झोपेत. रातभर जागी राहते."

मी मशीनजवळ उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बटण दाबलं आणि मशीन सुरू केली.

मग बबनकाका एक दिवस ड्युटीचा खाकी शर्ट तसाच अंगावर असताना ऑटोतून ती गादी घेऊन आले. सासरच्यांनी ती पाठवून दिली होती. त्यांनी गादी ओट्यावर टाकली आणि मान खाली घालून म्हणाले, "रहीमभाऊ, हे उसवा. कापूस फेका, जाळा, काही करा. मले हे घरात पाहवत नाही." अब्बांनी टाके कापले. थर उलगडत गेले. मधल्या थरापाशी आले आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी मूठभर कापूस काढला, नाकाशी धरला, डोळे मिटले. टपरीवर कुणीतरी जोरात हसत होतं, तेही मला आठवतं. अब्बांनी डोळे उघडले.

"बबनभाऊ, हे माणसाचं नाही. मांजरीचं हाय."

बबनकाका पायरीवर बसले. हसावं की रडावं हे न कळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. सुजाता बापाच्या मागोमाग आली होती, ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. आम्हा कुणाचं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजे... मी नाही न काका?"

अब्बा म्हणाले, "नाही बेटा. तू नाही."

तिनं पुन्हा विचारलं. "पक्कं न?" इतके दिवस ती सगळ्यांना सांगत होती की मी नाही, आणि आतल्या आत तिचाच स्वतःवरचा विश्वास उडाला होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी जमिनीवरची कुसं पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी तो कापूस एका फडक्यात बांधला आणि मला म्हणाले, "चाल." बबनकाका, सुजाता, अब्बा आणि मी रिसोडला बस बदलून रिठदला गेलो. सासरच्या अंगणात शेजारणी जमल्या. अब्बांनी गाठोडं सोडलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि उभ्यानं सांगितलं, "गादी माह्या दुकानची. माह्या दुकानातल्या मांजरीनं कापूस नासवला, अन् तो कापूस आमी या पोरीच्या गादीत भरला. चूक माही हाय. पोरीची नाही. ज्यायनं ज्यायनं हिच्याबद्दल ऐकलं, त्यायनं हे बी ऐका." कापसाचं फडकं त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरलं होतं, आणि बाया एकेक करून वाकून हुंगत होत्या, नाक मुरडून मागे सरत होत्या. माझा बाप, ज्याच्या गादीला तालुक्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं, तो हे असं हातात धरून उभा होता. मी त्याच्या मागे उभा होतो. "चूक माही" म्हणायला दोन शब्द लागतात. ते त्यानं म्हटले.

सासू खजील झाली, पण तिनं जीभ सोडली नाही. "आमाले का मालूम बापा? वास आला, आमी म्हनलं. आता झालं गेलं. ये वं सुजाता, चहा ठेव सगळ्यायले." जावई दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

सुजाता जागची हलली नाही. "मी इतके दिवस सांगून राह्यली, तवा कोणी ऐकलं नाही," ती सासूला म्हणाली. "आता कापसानं सांगलं तवा ऐकलं. चहा तुमीच ठेवा, मामी. मी बाबासंग जातो." शेजारणींत कुजबुज झाली. बबनकाका घाबरले, "पोरी, पोरी" करत राहिले. ती अंगणाबाहेर जाऊन उभीसुद्धा राहिली.

परतीच्या बसमध्ये ते गाठोडं माझ्या मांडीवर होतं. बस गच्च भरलेली, खिडक्या पावसामुळे लावलेल्या. माझ्या अंगाच्या उबेनं कापूस वास सोडायला लागला. शेजारचा माणूस उठून उभा राहिला. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे नाही. अब्बा माझ्याजवळ सरकून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "खोकं कुठं ठेवलं होतं?"

"मशिनीपाशी."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मग विचारलं, "भरताना वास आल्ता का तुले?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते, समोर पाहत होते. मला आज वाटतं, त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही, मला खरं बोलायला जागा ठेवली. समोरच्या बाकावर बबनकाकांच्या शेजारी सुजाता बसली होती. तिची वेणी माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," अब्बा म्हणाले. सुजाताची मान हलली नाही.

घरी आल्याबरोबर अब्बांनी खोकं जिन्याखाली नेलं, पत्रा गरम पाण्यानं धुतला, नवी वाळू घातली. बेगम दोन दिवस लांबून पाहत राहिली, तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर मरेपर्यंत तिनं एकदाही बाहेर केलं नाही. अम्मी तिला जऊळक्याला सोडायचं विसरून गेली. माझ्या जवळ मात्र बेगम कधीच आली नाही. मी खोलीत शिरलो की ती उठून जायची, आणि अब्बा ते पाहायचे. वाळू मी रोज बदलायला लागलो, घमेलं पुढच्या दारानं, टपरीसमोरून. कुणी काय म्हटलं ते मला आठवत नाही.

दिवाळीनंतर जावई स्वतः आला, सासूला न घेता. रिसोडला बियाण्याच्या दुकानात त्याला काम मिळालं होतं, तिथे त्यानं खोली केली होती. सुजाता गेली. संसार झाला, मुलं झाली. लोक म्हणतात, मिटलं. रिठदला मात्र ती सणालाही मुक्काम करत नाही, असं शांताकाकू सांगायच्या.

अब्बांनी दुकानात एक नवा रिवाज पाडला. कुणाचीही गादी भरायच्या आधी ते मूठभर कापूस गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हुंगा." लोक हसायचे, मग हुंगायचे. हळूहळू ती आमच्या दुकानाची ओळखच झाली. आजही लांबून लोक येतात आणि म्हणतात, शिरपूरच्या रहीमभाऊंकडे कापूस हुंगवून गादी भरतात, असा इमानदार माणूस. मी मान हलवतो. अब्बा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मी होतो. शेवटच्या दिवसांत ते शुद्धीवर असायचे, बोलायचे, माझा हात धरायचे. बसमधलं ते उत्तर मला बदलता आलं असतं. मी त्यांचे पाय चेपत राहिलो.

सनानं मोबाइल वाचून दाखवल्यानंतर काही दिवसांनीच सुजाता दुकानात आली. केस पांढरे, चष्मा, हातात मोठी पिशवी. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, गादी भरायची होती. "कापूस माह्या बाबाच्या वावरातला हाय," ती म्हणाली, "ते वावर अजून ठेवलं हाय भावानं." संध्याकाळची वेळ होती. माझ्या बायकोनं तिला बसायला खुर्ची दिली, पाण्याचा पेला पुढे केला. सुजातानं तो हातानं बाजूला सारला. "सांजच्याले मी पाणी पेत नाही, बाई. जुनी सवय हाय." बायको म्हणाली, "असं कसं, उन्हाचं आल्या तुमी." ती हसली. "नाही लागत मले."

मी गाठोडं सोडलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. रिवाजाप्रमाणे मी मूठभर कापूस घेतला आणि तिच्यापुढे धरला. तिनं कापसाकडे पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे. बसमध्ये न हललेली ती मान मला आठवली.

"मले कायले देतं, युन्या?" ती म्हणाली. "तूच हुंग."

दोन्ही गिऱ्हाइकं पाहत होती. मी कापूस नाकाशी नेला आणि श्वास आत ओढला. उन्हाचा वास होता, सरकीचा थोडासा, वावराच्या धुळीचा. डोळ्यांत पाणी आलं तरी मी हुंगतच राहिलो, ती बोलेपर्यंत.

"आला का काही वास?" तिनं विचारलं.

या कापसात काहीच नव्हतं. पण हा प्रश्न मला याआधी एकदाच विचारला गेला होता, आणि ज्यानं विचारला तो आता नव्हता.

"आल्ता," मी म्हणालो. "तवा आल्ता."

सुजातानं खुर्ची मशीनजवळ ओढून घेतली, पिशवीतून नवी फुलाफुलांची खोळ काढली आणि माझ्या हातात दिली.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "मी बसतो इथं. भर माह्यासमोर."